‘टर्न ऑफ इट’ जात का नाही? इंग्रजी वाक्यात ‘इट’, ‘हिम’ आणि ‘ऑलवेज’ बसवताना

तक्रार नेहमी एकाच छापाची असते. व्याख्या पाठ आहेत, क्रियापदाचे तीन-तीन रकाने तोंडपाठ आहेत, इंग्रजी बातम्या कळतात. पण फोनवर कोणी इंग्रजीत बोलायला लागलं की आपल्या तोंडून ‘प्लीज टर्न ऑफ इट’, ‘आय विल कॉल बॅक यू’, ‘येस, आय लाइक व्हेरी मच’ असलं काहीतरी निघतं. समोरच्याला अर्थ कळतो, म्हणून तो टोकत नाही. कोणी टोकलंच तर आठवडाभर सुधारणा दिसते आणि मग चूक पुन्हा जागेवर.

माझ्याकडे संध्याकाळी बोलण्याच्या सरावाला येणारी मंडळी रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांमधली. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि विजयनगरला किंवा सुपर कॉरिडॉरवर नोकरी लागली की दिवसभर इंग्रजी. त्यांच्याकडे शब्द कमी नाहीत. अडतं ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर: क्रियापद, त्याच्या आजूबाजूचं क्रियाविशेषण, आणि ‘इट’, ‘हिम’, ‘मी’, ‘देम’ ही चिमुकली सर्वनामं. त्यामुळे इथे सगळं व्याकरण मांडत नाही, तेवढ्याच सांध्यावर बोलते.

आधी ‘इट’ गायब का होतं ते पाहू

ऑफिसात कोणी विचारतं, ‘डिड यू सेंड द फाइल?’ आपला मुलगा म्हणतो, ‘येस, आय सेंट.’ त्याच्या मनात वाक्य आहे ‘हो, पाठवली’. हे मराठी वाक्य अगदी पूर्ण आहे. फाइल पाठवली, फोटो पाठवला, पार्सल पाठवलं. क्रियापदाच्या शेवटावरूनच काय पाठवलं याचा अंदाज येतो, म्हणून ‘ती’ म्हणायची गरजच पडत नाही. हिंदीतही तेच, ‘भेज दी’, ‘भेज दिया’. कर्त्याचंही तसंच: ‘येते’ म्हटलं की बाई बोलतेय हे कळलं, ‘येतेस’ म्हटलं की समोर कोण आहे तेही कळलं. आपलं क्रियापद सर्वनाम पोटात घेऊन फिरतं.

इंग्रजी ‘सेंट’च्या पोटात यातलं काही नाही. मी पाठवली, त्यांनी पाठवलं, एक पाठवला, दहा पाठवले, सगळ्याला ‘सेंट’. वर्तमानकाळात ‘ही सेंड्स’चा तेवढा एक ‘स’ उरला आहे. म्हणून तिथे कोणी आणि काय ही दोन्ही माहिती वेगळे शब्द घालून सांगावी लागते: ‘आय सेंट इट.’ किंवा सरळ ‘येस, आय डिड.’

जी क्रियापदं ‘कशाला?’ हा प्रश्न मागतात त्यांच्यामागे उत्तर द्यायलाच हवं. ‘लाइक’, ‘एन्जॉय’, ‘वॉन्ट’, ‘नीड’, ‘सेंड’, ‘टेक’ ही त्यातली रोजची. ‘पोहे कसे वाटले?’ याला ‘आय लाइक्ड’ हे अर्धं उत्तर झालं, ‘आय लाइक्ड देम’ म्हणा. ‘आय एन्जॉइड’ तर मला दिवसातून चारदा ऐकू येतं. तिथे ‘आय एन्जॉइड इट’ किंवा ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’. उलट ‘आय नो’, ‘आय फरगॉट’, ‘आय अंडरस्टँड’ ही नुसतीच चालतात. इथे नियमाच्या मागे लागू नका. ही तीन-चार वाक्यं सवयीने बसतात.

पाऊस आणि वेळ यांचं ‘इट’ मात्र पूर्ण वेगळं. ‘राजवाड्याला जायला वीस मिनिटं लागतात’ यात मराठीत कर्ता शोधत बसावा लागतो, इंग्रजी मात्र कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवू देत नाही: ‘इट टेक्स ट्वेंटी मिनिट्स टू गेट टू राजवाडा.’ हे ‘इट’ कशाचंच नाव नाही, नुसतं जागा धरून बसलेलं आहे. ‘इट इज रेनिंग’मधलंही तेच. ‘रेन इज कमिंग’ असं कोणी म्हटलं की मी ओळखते, डोक्यात ‘बारिश आ रही है’ चाललंय.

आता मुख्य दुखणं: ‘टर्न ऑफ इट’

‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर. ‘टर्न द फॅन ऑफ’ हेही बरोबर. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’ आलं की एकच मार्ग उरतो, ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हणत नाहीत.

चूक जात नाही याचं कारण बहुतेक वेळा वहीतच सापडतं. वहीत जोड्या लिहिलेल्या असतात: टर्न ऑफ म्हणजे बंद करणे, पिक अप म्हणजे उचलणे, कॉल बॅक म्हणजे परत फोन करणे. जोडी एकच शब्द म्हणून डोक्यात बसते, आणि बोलताना कर्म आठवलं की ते शेवटी चिकटवलं जातं. शंभर वेळा लाल शाई लावली तरी वहीतली नोंद तीच राहते, मग सुधारणार कसं?

म्हणून पहिला उपाय वहीचा. जोड्या खोडा आणि ‘इट’ किंवा ‘हिम’ घालूनच लिहा: टर्न-इट-ऑफ, पुट-इट-ऑन, पिक-हिम-अप, कॉल-मी-बॅक, थ्रो-इट-अवे, राइट-इट-डाउन, सी-हिम-ऑफ. आणि दुसऱ्या पानावर लुक-फॉर-इट, लुक-ॲट-हर, वेट-फॉर-मी, डील-विथ-इट, लुक-आफ्टर-हिम. दोन पानं वेगळीच ठेवा. मोठ्याने म्हणा. अर्थ मराठीत लिहायचा तर तोही पूर्ण वाक्यात लिहा: ‘मला सरवटे बसस्थानकावरून घ्यायला ये’, ‘पिक मी अप फ्रॉम सरवटे’. ‘पुण्याच्या गाडीवर त्याला सोडायला गेले होते’, ‘आय वेंट टू सी हिम ऑफ’.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: कोणतं क्रियापद कोणत्या पानावर जायचं हे ओळखायचं कसं? ‘टर्न ऑफ’ आणि ‘लुक फॉर’ दिसायला सारखेच.

दिसायला सारखे, कामाने नाही. ‘टर्न इट ऑफ’मधलं ‘ऑफ’ हे क्रियाविशेषण आहे, त्याचं नातं क्रियापदाशी. ‘लुक फॉर इट’मधलं ‘फॉर’ हे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं आहे, त्याचं नातं पुढच्या ‘इट’शी. फरक एवढाच की आपलं ‘साठी’ नामाच्या मागून येतं, त्यांचं ‘फॉर’ पुढून. ‘त्याच्यासाठी’मधलं ‘साठी’ तोडून आपण दुसरीकडे नेत नाही, तसंच ‘फॉर’ला ‘इट’पासून तोडता येत नाही.

‘फॉर’, ‘ॲट’, ‘विथ’, ‘ऑव्ह’ (एकाच ‘एफ’चं, ‘ऑफ’ नव्हे), ‘इन्टू’, ‘आफ्टर’ हे शब्द आले की दुसरं पान, डोळे मिटून. ‘अवे’, ‘बॅक’, ‘आउट’ आले आणि कर्म थेट क्रियापदाचं असलं की पहिलं पान. घोटाळा करतात ते ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘ओव्हर’, ‘इन’, कारण ते दोन्हीकडे कामाला जातात. स्वेटर घातला तर ‘पुट इट ऑन’, पण बसमध्ये चढलात तर ‘गेट ऑन इट’. दिवा लावला तर ‘टर्न इट ऑन’, पण कुत्रा अचानक अंगावर आला तर ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’. पान उलटलं तर ‘टर्न इट ओव्हर’, धक्क्यातून सावरलात तर ‘गेट ओव्हर इट’.

अशा वेळी कानाची परीक्षा कामी येते. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’ म्हणताना जोर ‘लुक’वर, आणि ‘ॲट’ इतकं पुसट की कधी कधी ऐकूही येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या कोणाचंही बोलणं मोबाइलवर लावा आणि फक्त या छोट्या शब्दावरचा जोर ऐका. जोर असेल तर सर्वनाम त्याच्या आधी. ‘आफ्टर’, ‘ओव्हर’, ‘अक्रॉस’ अशा लांब शब्दांवर ही परीक्षा फसते, त्यांना एरवीही थोडा जोर असतो. तिथे मधे एखादं क्रियाविशेषण घालून बघा. ‘लुक केअरफुली ॲट इट’ चालतं, म्हणजे ‘ॲट इट’ हा वेगळा तुकडा आहे. ‘टर्न क्विकली ऑफ इट’ कानाला तिथल्या तिथे खटकतं.

तीन तुकड्यांची क्रियापदं (‘पुट अप विथ इट’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’) सोपी आहेत. शेवटी ‘विथ’ किंवा ‘टू’ आहे ना, मग ‘इट’ त्याच्या मागेच.

एक इशारा. ‘अप’ कुठेही जोडू नका. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, दहीवड्याचा द्रोण उंच उडवून झेलतात, ते पाहुण्यांना समजावताना एक मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘ही थ्रोज अप द दहीवडा!’ पाहुणे दचकले, कारण ‘थ्रो अप’ म्हणजे ओकणे. इथे ‘इट’ मधे घालूनही फारसं भागत नाही. ‘ही टॉसेस इट इन द एअर’ म्हणावं आणि खायला लागावं. तसंच फॉर्मचं. आपण ‘फिल अप द फॉर्म’ म्हणतो, देशात ते सगळ्यांना कळतं. बाहेर ‘फिल इट इन’ किंवा ‘फिल इट आउट’ म्हणतात, आणि ‘फिल इट अप’ पेट्रोल पंपावर.

पण ‘इट’ मधेच का? एवढं कळलं की बाकीचं सोपं होतं

पाठांतर नको असणाऱ्यांसाठी कारण सांगते, कारण पुढच्या दोन अडचणीही त्यातूनच सुटतात. इंग्रजी वाक्याचा शेवट ही मानाची जागा आहे. नवी माहिती, वजनदार माहिती तिथे बसते आणि आवाजाचा जोर तिथे पडतो. ‘इट’मध्ये नवं काहीच नसतं, पंख्याविषयी बोलणं आधीच झालेलं असतं. म्हणून ‘इट’ मधे सरकतं आणि ‘ऑफ’ शेवटी येतं, कारण बातमी ‘ऑफ’मध्ये आहे. ‘पिक अप हिम’ खटकतं, पण ‘पिक अप हिम अँड हिज मदर’ तितकं खटकत नाही, कारण आता शेवटी वजन आलं.

हेच ‘हिअर’ आणि ‘देअर’ पुढे आले की दिसतं. थांब्यावर सिटी बस दिसली की ‘हिअर कम्स द बस!’ क्रियापद आधी, बस नंतर, कारण बस ही नवी बातमी. पण तिच्याबद्दलच बोलणं चाललं असेल तर ‘हिअर इट कम्स!’ आता सर्वनाम क्रियापदाच्या आधी. ‘हिअर कम्स इट’ कधीच नाही. ‘देअर गोज द लाइट’, पण ‘देअर इट गोज’. हरवलेली किल्ली सापडली की ‘हिअर इट इज’. तिथे ‘हिअर इट्स’ असं आखूड करता येत नाही, कारण शेवटचं ‘इज’ आता जोर घेऊन बसलं आहे. ‘आय डोन्ट नो व्हेअर इट इज’मध्येही ‘इज’ पूर्णच म्हणायचं. आणि ‘व्हेअर इज इट’ हा क्रम फक्त थेट प्रश्नात. ‘कॅन यू टेल मी’ लावलं की प्रश्न पुढेच झालेला असतो, मग ‘व्हेअर इट इज’.

‘मीसुद्धा’ म्हणायला ‘सो डू आय’. इथे मात्र सर्वनाम थेट शेवटी! बरोबर आहे, कारण इथे ‘मी’ हीच नवी बातमी, जोरही ‘आय’वर. समोरच्याने ‘आय ॲम टायर्ड’ म्हटलं तर ‘सो ॲम आय’, ‘आय हॅव ईटन’ म्हटलं तर ‘सो हॅव आय’, नकार असेल तर ‘नायदर डू आय’. क्रम उलटला की अर्थही बदलतो. ‘तुमचा पदर दारात अडकलाय’ असं कोणी इंग्रजीत सांगितलं आणि तुम्ही पाहिलं तर खरंच अडकलेला, तर म्हणायचं ‘सो इट इज!’ म्हणजे ‘अरे हो की!’

‘ऑलवेज’, ‘स्टिल’, ‘येट’ कुठे घालायचे

यावर शाळेतला नियम आहे आणि तो चांगला आहे: मुख्य क्रियापदाच्या आधी, ‘इज-ॲम-आर’च्या नंतर, सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर. ‘ही ऑलवेज कम्स लेट’, ‘ही इज ऑलवेज लेट’, ‘ही हॅज ऑलवेज कम लेट’. एवढं सगळ्यांना येतं. अडतं ते तोकड्या उत्तरात. ‘इज ही लेट?’ याला आमची मुलं ‘ही इज ऑलवेज’ म्हणतात. तिथे ‘ही ऑलवेज इज’ हवं. उत्तर ‘इज’वर संपतंय, जोर तिथे, म्हणून ‘ऑलवेज’ त्याच्या आधी सरकलं. तसंच ‘आय ऑलवेज डू’, ‘आय नेव्हर हॅव’. शेवटच्या जागेचा मान, दुसरं काही नाही.

क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नका. ‘शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश’ हे ‘ती खूप छान इंग्रजी बोलते’चं थेट रूपांतर आहे. ‘शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल.’ ‘आय लाइक इट व्हेरी मच.’ कर्म आधी, कौतुक नंतर. कर्म ओळभर लांब असेल तर लिहिताना हा नियम वाकतो, पण बोलण्यात तेवढी लांब कर्मं येतच नाहीत.

आता एकच वाक्य जवळून बघा: ‘ही स्टिल हॅझन्ट कॉल्ड मी बॅक.’ अजून त्याने मला परत फोन केला नाही. मराठीत ‘अजून’ कुठेही ठेवा, ‘त्याने अजून मला’, ‘अजून त्याने मला’, ‘मला अजून त्याने’, सगळं चालतं, कारण ‘त्याने’ आणि ‘मला’ यांचे प्रत्यय आपापलं काम करताहेत. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत, म्हणून हे सहाही शब्द जागचे हलत नाहीत. ‘स्टिल’ नकाराच्या आधीच, ‘ही हॅझन्ट स्टिल’ म्हणायचं नाही. ‘मी’ हे ‘कॉल्ड’ आणि ‘बॅक’च्या मधेच. ‘स्टिल’ काढून ‘येट’ घातलं तर ते उठून थेट शेवटी जातं: ‘ही हॅझन्ट कॉल्ड मी बॅक येट.’ यात ‘स्टिल’ म्हणताना थोडा वैताग येतो, ‘येट’ म्हणताना नुसती वाट पाहणं. हे एक वाक्य रोज कर्ता बदलून म्हणा: शी, दे, यू, माय बॉस. माझ्या अनुभवात दहा नियमांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

‘ओन्ली’बद्दल थोडक्यात. ‘मी उद्याच येईन’चं आपण ‘आय विल कम टुमॉरो ओन्ली’ करतो. भारतात कोणी भुवई उंचावत नाही, आणि मीही ऑफिसातल्या ऑफिसात त्यावर भांडत नाही. पण बाहेरच्या ग्राहकाला ते ‘फक्त उद्या, नंतर नाही’ असं ऐकू येतं. ‘आय विल कम टुमॉरो’ म्हणून ‘टुमॉरो’वर आवाज चढवा, पुरे. ‘मी इथेच इंदुरात राहते’साठी ‘आय लिव्ह राइट हिअर इन इंदोर’ छान बसतं.

एवढं करूनही अडलंच तर

दोन सर्वनामं एकत्र आली की पुन्हा गडबड होते. ‘मला ते समजावून सांगा’चं ‘एक्स्प्लेन मी इट’ होत नाही, ‘एक्स्प्लेन’ला माणूस थेट जोडता येत नाही: ‘एक्स्प्लेन इट टू मी.’ ‘सेंड’ आणि ‘गिव्ह’ला जोडता येतो, ‘सेंड मी द फाइल’. पण फाइलचं ‘इट’ झालं की ‘सेंड इट टू मी’ हेच सुरक्षित. ‘सेंड मी इट’ काही लोक बोलतात, आपण त्या वाटेला जायचं कारण नाही. त्यात ‘बॅक’ आलं तर क्रम असा: ‘गिव्ह इट बॅक टू मी.’ ‘गिव्ह मी इट बॅक’ही ऐकू येतं आणि ते चूक नाही, पण घाईत बोलताना पहिलंच जिभेवर असू द्या.